चौदा इंचांवरून पंधरा इंचांवर : स्विफ्टसाठी घेतलेली अलॉय चाके आणि ट्यूबलेस टायर

माझ्याकडे २०१८ सालची मारुती स्विफ्ट, व्हीएक्सआय, आहे. कंपनीतून ती चौदा इंची पोलादी रिम, त्यांवर प्लास्टिकच्या व्हील कॅप आणि १६५/८० आर१४ मापाचे ट्यूबलेस टायर घेऊन आली. सहा वर्षांत बावन्न हजार किलोमीटर धावल्यावर पुढच्या दोन टायरांची नक्षी खाचांच्या तळाशी असलेल्या झीजदर्शक उंचवट्यांना जाऊन टेकली, म्हणजे कायद्याने मोटारीसाठी ठरवून दिलेल्या १.६ मिलिमीटर या किमान खोलीवर आली, आणि मागच्या दोन टायरांच्या कुशीला, म्हणजे रिम आणि नक्षी यांच्यामधल्या बाजूच्या भिंतीला, बारीक भेगा दिसू लागल्या. चारही टायर बदलायचेच आहेत तर सोबत अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, चाकेही बसवावीत, असा घरातल्या मुलांनी आग्रह धरला. जुलै २०२४ मध्ये दोन्ही बसवून घेतली आणि त्यानंतर कोल्हापूर शहर, पुणे-बंगळूर महामार्ग, आंबा घाट आणि गगनबावडा अशा परस्परांशी अजिबात न जुळणाऱ्या रस्त्यांवर अकरा हजार किलोमीटर गाडी चालवून मी हे लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो दुकानातही पसरवला जातो. ट्यूबलेस टायरसाठी अलॉय चाक लागते, असे मला दोन ठिकाणी सांगण्यात आले. ते खरे नाही. माझ्या गाडीच्या मूळ पोलादी रिमांवर सहा वर्षे ट्यूबलेस टायरच होते. ट्यूबलेस टायरच्या आतल्या अंगाला हवा झिरपू न देणाऱ्या ब्युटाइल रबराचा पातळ थर असतो आणि टायरची तार असलेली कडा रिमच्या काठावर घट्ट बसून हवा कोंडली जाते. ती कडा वळणावर आत घसरू नये म्हणून रिमला आतून एक बारीक उंचवटा दिलेला असतो. असा उंचवटा असलेली, न वाकलेली आणि न गंजलेली कोणतीही रिम, मग ती पोलादाची असो वा अॅल्युमिनियमची, ट्यूबलेस टायर धरू शकते. त्यामुळे ज्यांना खर्च आवरायचा आहे त्यांनी जुन्या रिमा स्वच्छ करून त्यांवर उत्तम टायर घ्यावेत आणि अलॉयचा विचार सोडून द्यावा. त्यांचे त्यात काहीही बिघडणार नाही.

मग अलॉय घ्यायचे कशासाठी? पहिले कारण सौंदर्याचे आहे आणि ते मान्य करायला मला संकोच वाटत नाही. दुसरे कारण नेहमी सांगितले जाते ते वजनाचे : अलॉय हलके असते, म्हणून गाडी चपळ होते आणि इंधन वाचते. घडाई करून केलेल्या महागड्या चाकांबाबत ते खरे आहे. आपल्याकडे लहान गाड्यांसाठी सर्रास विकली जाणारी ओतीव चाके मात्र अपवादानेच हलकी असतात. मी जुनी चौदा इंची पोलादी रिम आणि नवे पंधरा इंची अलॉय अशी दोन्ही आमच्या गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिली, तेव्हा अलॉयच सुमारे अर्धा किलो जड भरले. त्यावर चढणारा टायरही अधिक रुंद, म्हणून अधिक जड. तेव्हा वजन कमी होईल या आशेने कोणी ही खरेदी करू नये. निदान दुकानदाराला नेमके वजन विचारावे आणि तो हसला तर आपणही हसून पुढच्या दुकानात जावे.

खरा लाभ आहे तो माप बदलण्याचा, आणि तेथेच सर्वाधिक चुका होतात. टायरवरचा १६५/८० आर१४ ८५टी हा मजकूर असा वाचायचा असतो : टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, कुशीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, रचना रेडियल, रिमचा व्यास १४ इंच, ८५ हा भारांक म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची कुस मिळवली की चाकाची एकूण उंची ६१९.६ मिलिमीटर येते. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण वेगदर्शक, गिअरचे गुणोत्तर, एबीएसचे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, गणित आणि मडगार्डमधली मोकळी जागा ही सगळी याच आकड्यावर बेतलेली असतात. नवे माप यापासून दोन टक्क्यांहून अधिक दूर जाऊ नये, असा माझा कटाक्ष होता.

याच पिढीतल्या स्विफ्टच्या सर्वांत वरच्या प्रकाराला कंपनी १८५/६५ आर१५ देत असे. त्याची उंची ६२१.५ मिलिमीटर, म्हणजे फरक अवघा ०.३ टक्के. भारांक ८८, म्हणजे टायरमागे ५६० किलो. मूळ मापापेक्षा सरस. कुस १३२ वरून १२० मिलिमीटरवर येते. वळणावर टायर कमी लवचावा इतपत हा बदल पुरेसा आहे आणि खड्ड्यात रिम आपटावी इतका तो मोठा नाही. शिवाय ज्या कंपनीने गाडी घडवली तिनेच त्याच सांगाड्यावर हे माप तपासलेले आहे, हा आधार दुसऱ्या कोणत्याही मापाला नाही. कोणत्याही लहान गाडीसाठी मी हाच मार्ग सुचवेन : आपल्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कोणते माप मिळते ते पाहावे आणि तेथेच थांबावे. वॅगन-आरच्या २०१९ नंतरच्या पिढीत छोट्या इंजिनाच्या प्रकाराला १५५/८० आर१३ आणि मोठ्या इंजिनाच्या प्रकाराला १६५/७० आर१४ अशी मापे दिली गेली. त्यांच्या एकूण उंचीतला फरकही दीड टक्क्याच्या आतच आहे.

महामार्गालगतच्या एका मोठ्या दुकानात मी प्रथम गेलो, तेव्हा या कागदाचा उपयोग झाला. तेथल्या विक्रेत्याने मला १७५/६५ आर१५ हे माप 'स्वस्तात बसते' म्हणून पुढे केले. त्याची उंची ६०८.५ मिलिमीटर येते, म्हणजे मूळ मापापेक्षा १.८ टक्के कमी. हे एक वेळ चालले असते. परंतु त्या टायरवरचा भारांक ८४ होता, म्हणजे ५०० किलो. मूळ टायरपेक्षा कमी भार पेलणारा टायर बसवणे ही तडजोड पाच माणसे आणि सामान घेऊन घाट चढणाऱ्या गाडीसाठी मला मान्य नव्हती. मी तसे बोलून दाखवल्यावर तो एकदम १९५/५५ आर१६ वर गेला. गणिताने ते माप चोख आहे, उंची ६२०.९ मिलिमीटर, पण कुस उरते १०७ मिलिमीटर, आणि ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडून ठेवलेल्या रस्त्यांवर १०७ मिलिमीटरची कुस म्हणजे टायरला फुगा आणि रिमला चीर यांना दिलेले आमंत्रण होय. त्याच दुकानात 'नवा माल' म्हणून दाखवलेल्या टायरच्या कुशीवर ४१२१ हे चार आकडे होते. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. म्हणजे तो टायर २०२१ च्या एकेचाळिसाव्या आठवड्यातला, सुमारे पावणेतीन वर्षे दुकानात पडून राहिलेला होता. रबर वापरले नाही तरी वयाने कडक होते. मी नमस्कार करून बाहेर पडलो.

चाकाच्या बाबतीत व्यासाखेरीज आणखी चार गोष्टी जुळाव्या लागतात आणि दुकानातल्या भिंतीवर टांगलेल्या चाकांकडे पाहून त्यांतली एकही कळत नाही. पहिली म्हणजे नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला सगळे पीसीडी म्हणतात. स्विफ्टला तो ४ गुणिले १०० लागतो. ह्युंदाईच्या आय१० लाही तोच लागतो, फोर्ड फिगोला मात्र ४ गुणिले १०८ लागतो, आणि रेनो क्विडला तर मुळात तीनच नट असतात. आठ भोकांची, दोन वर्तुळांवर बसणारी चाकेही बाजारात मिळतात. ती चालतात, पण चार भोके कायमची उघडी राहून त्यांत चिखल बसतो आणि दिसायलाही ती ओंगळ दिसतात. दुसरी गोष्ट मधल्या भोकाचा व्यास. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचा, उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा आहे, तर बाजारातल्या चाकांचे मधले भोक अनेकदा ६७.१ किंवा ७३.१ मिलिमीटरचे असते, जेणेकरून एकच चाक अनेक गाड्यांना विकता यावे. मधली फट भरण्यासाठी हब रिंग नावाचे कडे बसवावे लागते. या कड्याची किंमत चाकाच्या मानाने नगण्य असते, आणि त्यानेच मला सर्वाधिक मनस्ताप दिला. ती हकिकत पुढे येईल. तिसरी गोष्ट ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते. हा आकडा चाकाच्या मागच्या बाजूला ईटी या अक्षरांपुढे कोरलेला असतो. पंचेचाळीसच्या जागी पस्तीस आला तर त्याच रुंदीचे चाक दहा मिलिमीटर बाहेर येते, बेअरिंगवर ताण वाढतो आणि पावसाळ्यात दारावर चिखलाची नक्षी उमटते. चौथी गोष्ट नटांचे टोक. मारुतीच्या नटांचे टोक शंकूच्या आकाराचे असते. काही कंपन्यांच्या गाड्यांना चपट्या किंवा गोल टोकाचे नट असतात. चाकातली बैठक आणि नटाचे टोक यांचा आकार जुळला नाही तर नट कितीही आवळला तरी तो खऱ्या अर्थाने बसत नाही. जुने नट वापरावेत की नवे, हा प्रश्न म्हणूनच किमतीचा नसून आकाराचा आहे.

चाकाच्या दर्जाबाबत मी माझ्या मामेभावाला सोबत नेले होते. दादांचे सारे आयुष्य शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत गेलेले आहे. कोल्हापुरात ओतकाम कळणारा माणूस शोधावा लागत नाही, हे आमच्या गावाचे भाग्य. चाक हातात घेऊन ते उलटेपालटे करीत त्यांनी जे सांगितले ते मला कोणत्याही माहितीपत्रकात सापडले नसते.

"अरे, रंगाखाली काय आहे ते मला तरी कसं दिसणार? एक्स-रे काढल्याशिवाय ओतकामाचं पोट कळत नाही. समोरची बाजू सगळेच चकचकीत करतात. तू मागची बाजू बघ."

मागच्या बाजूला आरे जेथे रिमला मिळतात तेथे पृष्ठभाग एकसारखा आहे की सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात, कडा घासून काढल्या आहेत की ओतल्या तशाच सोडल्या आहेत, आणि चाकाचा भार, माप, ऑफसेट व ओतल्याची तारीख स्पष्ट उठलेली आहे की नाही, हे त्यांनी एकेक करून दाखवले. चाकांसाठी साधारणपणे सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम मिसळलेले अॅल्युमिनियम वापरतात आणि ओतल्यानंतर त्यावर उष्णतेची प्रक्रिया करावी लागते. ती नीट झाली नसेल तर धातू दिसायला तसाच राहतो, पण आघात सोसण्याची त्याची ताकद घटते. ग्राहकाला हे डोळ्यांनी कळणे शक्य नसल्यामुळे प्रमाणचिन्हांवर विसंबावे लागते. भारतीय मानक आयएस १६१९२ हे हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठी आहे. ते आणि आयएसआयचे चिन्ह मी आधी शोधले. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही जपानी चिन्हे अनेक चाकांवर आढळतात. त्यांपैकी पहिले उत्पादक स्वतः मानक पाळल्याचे सांगण्यासाठी उमटवतो आणि दुसरे त्रयस्थ संस्थेच्या तपासणीचे असते, त्यामुळे एकटे जेडब्ल्यूएल पाहून समाधान मानू नये. ज्या चाकावर यांपैकी काहीच नव्हते ते सर्वांत देखणे आणि सर्वांत स्वस्त होते. दादांनी ते उचलून परत जागेवर ठेवले आणि त्याविषयी एक शब्दही काढला नाही.

रंगाच्या बाबतीत मी मुलांचा हिरमोड केला. त्यांना डायमंड कट हवे होते, म्हणजे रंग दिल्यावर समोरचा भाग यंत्रावर तासून धातू उघडा चमकवायचा आणि त्यावर पारदर्शक थर द्यायचा. दिसायला ते देखणेच असते. परंतु फुटपाथला एकदा घासून तो थर खरवडला गेला की पाणी आत शिरते आणि थराखालून पांढरट बुरशीसारखे डाग पसरत जातात. आमचे वर्षातून चार-पाच वेळा रत्नागिरीला जाणे होते आणि समुद्राची खारी हवा हे काम अधिक वेगाने करते. मी साधा, पूर्ण रंगवलेला गडद राखाडी रंग घेतला. पाच जाड आऱ्यांचे चाक निवडण्यामागेही असाच रुक्ष विचार होता : बारीक दहा-बारा आऱ्यांच्या जाळीत लाल माती बसली की ती दात घासण्याच्या जुन्या ब्रशनेच काढावी लागते.

आता टायर. माझे स्पष्ट मत असे आहे की एकूण रकमेत भर टायरवर द्यावा आणि उरलेल्या पैशांत बसतील ती चाके घ्यावीत. बहुतेक जण नेमके उलट करतात. आपल्याकडच्या टायरांचे ढोबळमानाने दोन कुळांत वर्गीकरण करता येते. एक कूळ दीर्घायुष्याचे आहे; अपोलोचा अमेझर ४जी लाइफ आणि सिएटचा मायलेझ एक्स३ हे त्याच गुणासाठी विकले जातात आणि रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला ते शोभतात. दुसरे कूळ पकड, शांतता आणि आराम यांना प्राधान्य देणारे आहे. सिएटचा सिक्युराड्राइव्ह, मिशेलिनचा एनर्जी एक्सएम२ प्लस, कॉन्टिनेंटलचा कम्फर्टकॉन्टॅक्ट हे त्यातले. रबराच्या मिश्रणात एक गुण वाढवला की दुसऱ्या गुणाला थोडी कात्री लागते, हे दोन्ही कुळांना लागू आहे. माझे वर्षाचे फिरणे आठ-नऊ हजार किलोमीटर. इतक्या कमी वापरात दीर्घायुषी टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, त्यामुळे आयुष्यासाठी पकड गमावण्यात मला अर्थ वाटला नाही. त्यात आमच्या भागात जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा असा फारसा मिळतच नाही. मी मिशेलिनचा एनर्जी एक्सएम२ प्लस, १८५/६५ आर१५ ८८एच घेतला. एकेक टायर साडेसहा हजारांच्या घरात पडला. मूळ मापाचा साधा टायर त्याहून निदान दीड हजाराने स्वस्त मिळाला असता. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे आज घेणाऱ्याने माझा आकडा कमाल मर्यादा समजावा. चारही टायरांवर २०२४ सालचाच आठवडा असल्याचे मी पाहून घेतले आणि आयएसआयचे चिन्हही तपासले.

बसवण्याच्या कामाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. शहरातल्या ज्या दुकानात मी अखेर खरेदी केली तेथे टायर चढवण्याचे यंत्र चांगले होते, पहार घालून टायर ओढण्याचा प्रकार नव्हता आणि यंत्राच्या जबड्याला प्लास्टिकची आवरणे होती. अलॉयचा रंग शाबूत राहायचा असेल तर एवढे पाहिलेच पाहिजे. व्हॉल्व्ह नवे घातले. बॅलन्सिंगसाठी, म्हणजे चाकाचे वजन सर्व बाजूंनी सारखे करण्यासाठी, काठाला ठोकून बसवायची शिशाची वजने न लावता आतल्या बाजूला चिकटवायची वजने लावली. अलाइनमेंटचा कागद हाती दिला. सगळे यथासांग झाल्यासारखे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी कराडच्या पुढे ताशी ८५ ते ९५ किलोमीटरच्या वेगात स्टिअरिंग थरथरू लागले. शंभरच्या पुढे ते शांत होई, नव्वदला परत थरथरे. दुकानात परत गेलो. त्यांनी पुन्हा बॅलन्सिंग केले, वजने बदलली, पुढची चाके मागे लावली. थरथर स्टिअरिंगमधून निघून आसनाखाली गेली, एवढाच फरक पडला. तिसऱ्या वेळी रस्त्याचा, मग टायरचा, आणि शेवटी माझ्या चालवण्याचा दोष काढण्यात आला.

तेव्हा मी स्वतः जॅक लावून एक चाक उतरवले. मधले भोक ७३.१ मिलिमीटरचे, हब ५४.१ मिलिमीटरचा आणि मध्ये काहीच नाही! चाक केवळ चार नटांच्या आधाराने मध्यावर आणलेले होते. शंकूच्या टोकाचे नट चाकाला बऱ्याच अंशी मध्यावर आणतात हे खरे, परंतु ते चाक हवेत धरून, समोरासमोरचे नट आलटून-पालटून, हाताने हळूहळू आवळले तरच. हवेच्या गनने एका बाजूचा नट आधी खटकन बसवला की चाक तेथेच किंचित तिरके अडकते. बॅलन्सिंगच्या यंत्रावर मात्र चाक त्याच्या मधल्या भोकातून शंकूवर बसते, त्यामुळे यंत्र दर वेळी 'शून्य' दाखवत होते आणि दुकानदार प्रामाणिकपणे मला तो शून्य दाखवत होता. मी ७३.१ ते ५४.१ मापाच्या चार हब रिंग मागवल्या. त्या बसवून, गाडीच्या पुस्तिकेतल्या ताकदीनुसार टॉर्क पान्याने नट आवळल्यावर थरथर पूर्ण गेली. चार कड्यांना पाचशे रुपयेही लागले नाहीत. दुकानदाराने नंतर मोकळेपणाने चूक मान्य केली, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल. पण चाके घेताना हब रिंग बिलावर लिहून घ्याव्यात, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा आवळून घ्यावेत.

रस्त्यावरचा अनुभव सांगायचा तर सर्वांत मोठा बदल ओल्या रस्त्यावर जाणवला. ऑगस्टच्या पावसात आंबा घाट उतरताना, साखरप्याच्या बाजूच्या वळणांवर, जुन्या टायरांवर पुढचे चाक बाहेरच्या अंगाला सरकते आहे अशी जी शंका येत असे ती आता येत नाही, आणि ब्रेक दाबल्यावर एबीएसची धडधड पूर्वीपेक्षा उशिराने सुरू होते. यातला किती वाटा नव्या नक्षीचा, किती रबराचा आणि किती वाढीव वीस मिलिमीटर रुंदीचा, हे वेगळे काढता येणार नाही. झिजलेल्या टायरांशी केलेली तुलना नव्याला नेहमीच अनुकूल असते. महामार्गावर गाडी सरळ रेषेत अधिक निश्चयाने धावते आणि शेजारून ट्रक गेला की होणारे डोलणे कमी झाले आहे. टायरचा आवाज सिमेंटच्या रस्त्यावरही बोलण्यात व्यत्यय आणत नाही.

उलट बाजूही आहे. रंकाळ्याच्या बाजूच्या गल्ल्यांतून गाडी लावताना स्टिअरिंग थोडे जड लागते. गतिरोधकावर फारसा फरक नाही, पण धारदार कडेच्या खड्ड्यात पूर्वी 'धप्प' होत असे तेथे आता 'टक' होते. बारा मिलिमीटरची कुस कमी झाल्याचे ते मोल आहे. पेट्रोलच्या टाकीच्या हिशेबाने शहरात लिटरमागे साधारण अर्धा किलोमीटर कमी मिळतो. ज्यांची गाडी मुख्यत्वे खेड्यातल्या कच्च्या रस्त्यांवर चालते त्यांना मी मूळ चौदा इंची मापच सुचवेन. पोलादी रिम वाकली तर टायरवाला हातोड्याने ठोकून ती वेळ निभावून नेतो. अलॉयला चीर गेली तर वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण जोडलेले चाक पुन्हा पुढच्या आसावर बसवण्याचे धाडस मी करणार नाही.

गेल्या हिवाळ्यात कागलजवळ मागच्या टायरमध्ये खिळा शिरला. बैलाच्या नालाचा असावा. सकाळी हवा कमी दिसली म्हणून कळले, तोवर गाडी घरी येऊन रात्रभर उभी होती. ट्यूबलेसचे सुख ते हेच. खिळा रुतून बसला की रबर त्याला बिलगते आणि हवा हळूहळू जाते. ट्यूब असती तर ती फाटून गाडी जागेवर बसली असती. मात्र याच सुखाने माणूस निष्काळजी होतो. हवा कमी असताना तसेच चालवत राहिले की कूस आतून चिरडते आणि पंक्चर काढूनही टायर निकामी होतो. मी दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवरच्या आकड्यानुसार हवा तपासतो. नायट्रोजन भरण्यासाठी वेगळे पैसे मी देत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंक्चर काढताना बाहेरून दोरीसारखी पट्टी खुपसून काम भागते, पण त्या दिवशी सवड होती म्हणून टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीच्या आकाराचे ठिगळ, लावून घेतला. खिळा नक्षीच्या भागात होता म्हणून हे जमले. कुशीला पंक्चर झाले तर टायर बदलावाच लागतो, आणि तेथे पट्टी मारून देणारा कोणी भेटला तर त्याचे आभार मानून नकार द्यावा.

स्टेपनी मी बदललेली नाही. जुन्या चारांपैकी कोणतीही नव्हे, तर मुळातली न वापरलेली १६५/८० आर१४ पोलादी रिमवरच डिकीत आहे. तिची एकूण उंची नव्या चाकांपेक्षा दोनच मिलिमीटरने कमी असल्यामुळे ती अडीअडचणीला चालते, आणि शंकूच्या टोकाचे नट दोन्ही प्रकारच्या चाकांना बसतात हे मी घरी लावून पाहिले. परंतु तीही सहा वर्षांची आहे, म्हणून तिच्यावर लांबचा प्रवास न करता पंक्चरवाल्यापर्यंत हळूहळू जायचे, एवढाच तिचा उपयोग मी धरला आहे. पाचवे अलॉय घेण्याचा सल्ला दुकानात मिळाला होता. डिकीतल्या अंधारात शोभेसाठी सहा-सात हजार रुपये घालण्याइतका मी हौशी नाही.

चार चाकांचे सव्वीस हजार, टायरांचे सुमारे तेवढेच, बसवण्याचे व अलाइनमेंटचे वेगळे आणि हब रिंगचे किरकोळ, असा हिशेब पंचावन्न हजारांच्या आत बसला. चाकांचे बिल विमा कंपनीकडे देऊन ती पॉलिसीत स्वतंत्र नोंदवून घेतली, कारण बाहेरून बसवलेली वस्तू नोंदलेली नसेल तर अपघातानंतर तिची भरपाई मिळत नाही. हप्ता त्यामुळे थोडा वाढला.

दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले. गेल्या आठवड्यात नक्षीची खोली मोजली, तेव्हा आधी पुढे चाललेल्या जोडीवर ६.२ आणि दुसऱ्या जोडीवर ६.८ मिलिमीटर भरली. चारही टायरांची झीज कडेपासून कडेपर्यंत एकसारखी आहे.